लाल झाकणाचा डबा

यज्ञेश्वर सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारा पहिल्या ओळीपासूनच त्यांना शिंगं लावून मोकळा होतो. सर विद्यार्थ्यांवर कधी आवाज चढवत नसत, विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये स्वतःचा चहा स्वतः घेऊन येत आणि हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या पोरींना ‘बाळ’ म्हणत. अन्नशास्त्र विभागात त्यांच्या शब्दाला वजन होतं. जास्त लोह असलेली बाजरी विद्यापीठानं काढली होती. ती माणसाच्या अंगी लागते की नुसतीच पोटातून जाते, हे दाखवून द्यायचं काम सरांकडे आलं आणि सरांनी ते राजेश्वरीच्या गळ्यात घातलं.

राजेश्वरीला तो सन्मान वाटला. वाटणारच. ती पाथर्डी तालुक्यातल्या कोरडवाहू गावची. आई लंकाबाई आणि बाप आसाराम दिवाळी झाली की पत्र्याची पेटी आणि कोयते घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला निघायचे, ते थेट गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचे. त्यांची पोरगी विद्यापीठाचा पांढरा कोट घालून फिरते, ही गोष्टच गावाला पचायला जड गेली होती.

“तुमच्या गावची टोळी पुणतांब्याकडे असते ना गं?” सरांनी विचारलं.

“हो सर. आई-वडीलही त्याच टोळीत आहेत.”

“मग तर छानच झालं. ओळखीच्या बायका आपले बाजरीचे लाडू फेकून देणार नाहीत.”

घरचं माणूस चाचणीत घ्यायचं नसतं. हे सरांना ठाऊक होतं, तसं राजेश्वरीलाही होतं. पण रक्त कमी असलेल्या बायकांची ठरलेली संख्या भरायची तर टोळीतली एकही सोडून चालत नव्हती. सर म्हणाले, “आपल्या लेखी ती फक्त एक क्रमांक आहे, बाळ.” राजेश्वरीनं मान हलवली. आईला रोज एक लाडू मिळेल, एवढाच हिशोब तिनं मनात केला होता.

चाचणी म्हणाल तर अगदी सोपी. बाजरीचं पीठ आणि गूळ यांचे लाडू, दोन डब्यांत. एकाचं झाकण लाल, एकाचं हिरवं. एकात लोहाची बाजरी, दुसऱ्यात आपली नेहमीची. कशात काय आहे हे फक्त सरांना माहीत. वाटणाऱ्याला कळलं की त्याचा हात मनासारखा वळतो, म्हणून वाटणाऱ्याला आंधळं ठेवायचं, अशी या शास्त्राची रीत आहे. कुणाला कुठला डबा, हे कॉम्प्युटरनं ठरवलं. लंकाबाईच्या वाट्याला हिरवा आला. तिच्या शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या हौसाबाईला लाल.

राजेश्वरी रोज दुपारी स्कूटीला दोन डबे बांधून उसाच्या फडात जायची. बायका भाकरी सोडून बसल्या की एकेकीच्या हातावर लाडू ठेवायचा आणि समोर खायला लावायचा. समोरच का, तर या बायका हातातला घास सरळ कधी तोंडात घालत नाहीत. आधी पोरगं, मग नवरा, मग म्हातारी, आणि उरलं तर आपण. म्हणून राजेश्वरीनं दंडक घालून दिला होता: लाडू पुरा खायचा, वर पाणी प्यायचं, मग उठायचं. ती प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. बायकांना त्याचं हसू यायचं.

पहिल्याच आठवड्यात तिची आईच सापडली. निम्मा लाडू खाऊन लंकाबाईनं बाकीचा पदराच्या गाठीत सरकवला होता.

“काय गं हे?” राजेश्वरी सगळ्यांदेखत ओरडली. “मी काय इथं तमाशा करायला येते का? सोड ती गाठ!”

“आगं निम्मा ऱ्हाऊ दी. सांजच्याला खाते की.”

“आत्ता. माझ्यासमोर.”

लंकाबाईनं गाठ सोडली आणि शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी मान खाली घालून उरलेला लाडू चावत बसली. राजेश्वरीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त तिला बरं वाटलं, कारण घरचं माणूस म्हणून आपण सूट दिली नाही हे आता सगळ्यांनी पाहिलं होतं. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी ती फडातून परत निघाली तेव्हा लंकाबाईनं नेहमीसारखा तिच्या पिशवीत मलिद्याचा डबा टाकला. “वसतिगृहात कोन घालतं तुला खायला,” असं ती दर खेपेला म्हणायची. तो मलिदा राजेश्वरी दोन दिवस पुरवून खायची.

लंकाबाईच्या अंगात रक्त नव्हतं, हे कळायला यंत्राची गरजच नव्हती. पापणी खाली ओढली की आत पांढरंफटक. दहा ऊस तोडले की तिला दम लागायचा. आणि टोळीत एक कोयता मंदावला की सगळ्यांची ट्रॉली मागं राहते. हौसाबाई तर ते ऐकवायची एकही संधी सोडत नव्हती. तोंडाची मोठी फटकळ बाई.

“लंके, हात हलीव की! तुज्यापायी आमची गाडी रोज शेवटाला लागती. लेक इद्यापीठात अन् आय उसात आडवी. मुकादमाला सांगते भागवतला, फुडल्या साली हिला आनू नगं म्हनून.”

लंकाबाई हसून सोडून द्यायची. राजेश्वरीला सोडून देता येत नव्हतं. तिचा जीव आईच्या रक्तात अडकला होता आणि डोकं हौसाबाईच्या तोंडात.

महिना झाला तसं तिच्या एक गोष्ट लक्षात आली. लाल डब्यातला लाडू हिरव्यापेक्षा काळपट होता. फार नाही, पण रोज हाताळणाऱ्याला कळावं इतका. एकदा तिनं दोन्हींतला एकेक तुकडा चाखून पाहिला. चाखायचा नसतो, पण चाखला. हिरव्यातला गोड, नेहमीचा. लालमधला मागाहून जिभेवर कडवट लागत होता. सरकारी दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, त्या चुकून चावल्या गेल्या तर लागतात तसा. त्यात हौसाबाई सांगत सुटली होती, “ह्या लाडवानं माज्या हाताला जोर आलाय. कडू लागतो, पर औषिद हाय ते!” लाल डब्याच्या बाकीच्या बायकाही माना डोलवायच्या. गोड लाडू खाणाऱ्या बायका मात्र नुसत्याच खायच्या, त्यांना काही जाणवत नव्हतं.

झालं. राजेश्वरीची खात्री पटली. औषध गोड नसतं, हे तिला विद्यापीठानं शिकवलेलं नव्हतं. ते ती गावाहून घेऊन आली होती, आणि नेमकं तेच तिनं खरं मानलं. शिकलेलं सगळं अशा वेळी खुंटीला टांगलेलं असतं.

तीन-चार दिवस तिनं स्वतःशी झगडा केला. मग एका दुपारी लंकाबाईच्या हातावर लाल डब्यातला लाडू ठेवला. डब्यांतले लाडू मोजलेले असत, त्यामुळे लालमधल्या एकीला हिरव्यात ढकलणं भाग होतं. कुणाला ढकलायचं, याचा विचार तिला करावाच लागला नाही. हौसाबाई लाडू तोंडात घालून म्हणाली, “आज ग्वाड कसा काय?”

“सरांनी सांगितलंय तुमचा बदलायला.”

“आन् माजा जोर?”

“गोडानं पण येतो जोर,” राजेश्वरी म्हणाली. हौसाबाईच्या तोंडचं औषध काढून घेतल्याचं तिला इतकं समाधान झालं, की त्या दिवशी तिनं परतीच्या वाटेवर स्कूटी थांबवून रसवंतीत दोन ग्लास रस प्यायला.

लंकाबाईनं मात्र तोंड वाकडं केलं. “राजे, ह्यो करपल्यावानी लागतो गं.”

“खा गुपचूप. औषध हाय.”

लंकाबाईनं खाल्ला. लेक म्हणते म्हटल्यावर तिनं कोळसासुद्धा खाल्ला असता.

त्यानंतर तिथल्या गावची आशाताई टोळीच्या भेटीला आली आणि बायकांना रक्तवाढीच्या गोळ्यांची पाकिटं देऊन गेली. चाचणी चालू असताना दुसरं लोह पोटात जाता कामा नये, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. राजेश्वरीनं कोपीकोपीतून फिरून पाकिटं गोळा केली. लंकाबाईनं आपलं पाकीट पेटीच्या तळाशी ठेवलं होतं.

“एखादी तरी ऱ्हाऊ दी की. लई गरगरतं सकाळच्याला.”

“लाडवात त्याच्यापेक्षा भारी लोह हाय, आये. दोन्ही एकदम न्हाई चालत.” आणि तिनं आईच्या हातातून पाकीट काढून घेतलं. हे तिनं स्वतःच्या हातानं केलं. पुढं ती कितीही विसरू म्हणाली तरी हे तिच्यानं विसरवेना.

दर महिन्याला विभागातला माणूस येऊन बायकांच्या बोटातून रक्त घेऊन जायचा. आकडे परस्पर सरांच्या मोबाईलवर जायचे. राजेश्वरीला दाखवायचे नाहीत, असा नियम. संक्रांतीनंतर ती सरांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा सर मोबाईलच्या पडद्यावर काहीतरी बराच वेळ बघत होते. तिला पाहून त्यांनी पडदा मिटवला.

“ठीक चाललंय ना सर?”

“फार छान चाललंय,” सर म्हणाले. “तू फक्त खाडा करू नकोस.”

तिनं एकही खाडा केला नाही. आई दिवसेंदिवस वाळत होती, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. लंकाबाई मोळी उचलताना दोनदा खाली ठेवायची, पाय सुजले होते, आणि माती खावीशी वाटते असं एकदा लाजत म्हणाली होती. राजेश्वरीनं ठरवलं, औषध अंगी लागायला वेळ लागतो. इतकं पक्कं ठरवलं की दवाखान्यात न्यायचा विचार मनात आला तरी ती तो झटकून टाकायची. तिकडं सलाइन नि इंजेक्शनं दिली की सगळी मेहनत पाण्यात. हौसाबाई मात्र चटचट हात चालवायला लागली होती. तिचे गाल भरले होते. राजेश्वरीला वाटलं, अशा बायकांना काही होत नाही. दगड असतात.

होळीच्या आदल्या दिवशी ट्रॉली भरायचं काम चालू होतं. ट्रॉलीला लाकडी फळी लावतात, तिच्यावरून डोक्यावर मोळी घेऊन चढायचं, मोळी वर टाकायची, परत उतरायचं. राजेश्वरी डबे बांधत होती. लंकाबाईनं लाल झाकणाचा लाडू खाऊन तासही झाला नव्हता. ती फळीच्या मध्यापर्यंत चढली, थांबली, एक हात हवेत काहीतरी धरायला गेला, आणि मोळीसकट ती पाठीवर खाली आली. खाली ट्रॉलीचा लोखंडी आकडा होता.

सगळ्यात आधी धावली ती हौसाबाई. तिनं मोळी एका हातानं बाजूला फेकली आणि लंकाबाईला एकटीनं उचलून जीपमध्ये घातलं. राजेश्वरी डब्यांजवळच उभी होती. आसाराम “लंके, लंके” करत जीपमागं पळत होता.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणका गेला. कमरेखाली आता काही हलणार नाही. मग त्यांनी रक्ताचा कागद पुढं धरला. “पण या पडल्या कशा, ते मला विचारू नका. या आजवर उभ्या होत्या कशा, ते मला सांगा. अंगात रक्तच नाही. घरात कुणी बघणारं नव्हतं का?”

आसारामनं लेकीकडं पाहिलं. त्याला वाटलं, ती शिकलेली आहे, ती डॉक्टरांना नीट उत्तर देईल.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी विद्यापीठात गेली. विभागात होळीची सुटी होती, पण सर केबिनमध्ये होते. तिनं दाराशी उभं राहूनच विचारलं, “सर, लाल डब्यात काय होतं?”

“आधी बस. पाणी पी. आईचं कळलं मला, फार वाईट झालं.”

“काय होतं लाल डब्यात?”

“साधी बाजरी,” सर म्हणाले.

“पण तो काळा होता. कडवट होता सर. मी चाखलाय.”

“साध्या लाडवाचा गूळ मी करपवून घेतो.” सरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला. “प्रत्येक चाचणीत वाटणारं पोरगं अंदाज बांधतंच. त्याला थांबवता येत नाही. मग बांधायचाच असेल तर चुकीचा बांधू दे, म्हणतो मी. तू काही पहिली नाहीस, बाळ.”

राजेश्वरी बसली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“दोन आकडे एकदम उलटे फिरले. चढणारा उतरायला लागला, उतरणारा चढायला लागला. संक्रांतीच्या तपासणीतच दिसलं.” सर समजावणीच्या सुरात बोलत होते, वर्गात बोलत तसे. “मी काय करायला हवं होतं? अदलाबदल झाली असं लिहिलं असतं तर चाचणी रद्द. तुझी तीन वर्षं गेली असती, माझा प्रकल्प गेला असता. मग मी तेवढ्या दोन क्रमांकांचे गट बदलून घेतले. आता ती पहिल्यापासून लाल गटातच आहे. बाकी काही केलं नाही.”

“तिचं रक्त सातच्या खाली गेलं होतं का तेव्हा?”

सरांनी चष्मा काढला. “किंचित.”

सातच्या खाली गेलेल्या बाईला त्याच दिवशी चाचणीतून काढून दवाखान्यात पाठवायचं, असा नियम होता. तो नियम राजेश्वरीनंच टाइप केला होता.

“एखादा आकडा यंत्राची चूकही असू शकतो,” सर म्हणाले. “म्हणून पुढच्या तपासणीची वाट पाहिली. मग पुढचीही तशीच आली, तोवर शेवट जवळ आला होता. आणि खरं सांगू? फरक अगदी काठावर होता. साध्या गटात कुणीतरी असं ठळक उतरल्याशिवाय तो सिद्धच झाला नसता. तुझ्या आईचे उपकार आहेत या कामावर. प्रबंधात ऋणनिर्देश असतो, त्यात टोळीतल्या भगिनींचे आभार मान. नाव नको, अर्थात.”

राजेश्वरीच्या मनात आलं, टेबलावरचा ग्लास उचलून या माणसाच्या तोंडावर मारावा. मग मनात आलं, मारला तर हा विचारेल, लाडू बदलला कुणी? ग्लास तिनं उचलला आणि त्यातलं पाणी प्यायली.

“हे आपल्या दोघांतच राहू दे,” सर दारापर्यंत सोडायला येत म्हणाले. “आईची काळजी घे.”

पाडव्यानंतर टोळी गावी परतली. लंकाबाईची खाट ओसरीत टाकली होती. आसाराम दुसऱ्याच्या शेळ्या राखायला जायचा, आणि लंकाबाईचं सगळं करायला हौसाबाई यायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती तोंडानं बडबडत यायची, लंकाबाईला एका हातावर उचलून कुशीवर वळवायची, पुसायची, लुगडं बदलायची. राजेश्वरी प्रबंध जमा करून गावी आली तेव्हा हौसाबाई खाटेशी बसून लंकाबाईचे केस विंचरत होती.

“ये बाय. तुज्या लाडवाचं लई उपकार माज्यावर,” हौसाबाई म्हणाली. “त्या ग्वाड लाडवानं आंगात हत्तीचं बळ आलं बघ. न्हाईतर हिला मी उचलली असती व्हय? तू माजा बदललास तवापासून.”

राजेश्वरी आईच्या पायाशी बसली. पाय थंड होते, आणि ते दाबले तरी आईला कळत नव्हतं.

लंकाबाई बराच वेळ तिच्याकडं बघत होती. मग तिनं हौसाबाईला पाणी आणायला पिटाळलं आणि हळू आवाजात म्हणाली, “राजे, एक सांगू का? रागावशील.”

“न्हाई रागावत.”

“त्यो लाडू म्या पुरा खात नव्हते.” “तू त्या टायमाला वरडलीस, त्याच्या फुडंबी. तू दुसरीकडं वळलीस की निम्मा पदरात टाकायचे. तुज्यासाठी. तुजी हाडं निघाल्याली मला बघवत नव्हती. मलिद्यात चुरून द्यायचे तुला. ग्वाड हुता तवाबी, अन् मागून करपल्याला आला तवाबी.”

राजेश्वरीला आठवलं. संक्रांतीच्या सुमारास मलिदा जरा कडवट लागला होता. आईनं गूळ करपवला, असं म्हणून तिनं तो तरीही संपवला होता. आणि त्याच्या आधीचा गोड मलिदा. तो तर तिनं बोटं चाटून खाल्ला होता. आईच्या वाट्याला खरं औषध आलं होतं त्या महिन्यातलंही निम्मं तिच्याच पोटात गेलं होतं.

“म्हनून मला लागू न्हाई पडला, व्हय गं?” लंकाबाई विचारत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं, पुसायला हात उचलायचं तिला सुचत नव्हतं. “हौशीनं पुरा खाल्ला, ती बग कशी झाली. तू तर बरोबर दिलं हुतंस. चूक माजीच झाली, न्हाई का?”

आता सांगता आलं असतं. ओसरीत दुसरं कुणी नव्हतं. राजेश्वरीनं आईच्या तोंडाकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं. हौसाबाई घागरीतून तांब्या बुडवून घेत होती. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार होते, त्यांची उतरायची सोय बघायची होती.

“व्हय, आये,” राजेश्वरी म्हणाली. “पुरा खायला पायजे हुतास तू.”

लंकाबाईनं डोळे मिटून मान हलवली. तिला तेच ऐकायचं होतं आणि तेच ऐकायला ती इतके दिवस भीत होती. हौसाबाई पाणी घेऊन आली. लंकाबाईनं एक घोट घेतला, आणि लेकीचा हात धरून म्हणाली, “तुज्या सायबाला सांग, माज्या आईनं लबाडी केली. त्यांची मेहनत वाया घालवली. म्हनावं, माफ करा.”

“सांगते,” राजेश्वरी म्हणाली.